डावी तार, उजवी तार आणि मधला उंचवटा

मुलुंड

आरे कॉलनीत तीन दिवस मुक्कामाला निघालेय म्हटल्यावर आमच्या सोसायटीने मला असा काही निरोप दिला की मला पासपोर्ट शोधावासा वाटला. तळमजल्यावरच्या शाह काकींनी थेपल्यांचा डबा हातात ठेवला. "वेस्टर्नचं पाणी सगळ्यांना मानवत नाही हां," त्या म्हणाल्या. त्यांची मुलगी बोरिवलीला दिली आहे, त्यामुळे पश्चिमेकडच्या प्रदेशाबद्दल त्यांचा शब्द शेवटचा. माझा नवरा मिलिंद व्यवहारी माणूस. "तासाभराचं तर अंतर आहे, रोज येऊन-जाऊन कर ना," म्हणाला. पण चर्चासत्र निवासी होतं. मुक्काम नाही तर प्रमाणपत्र नाही. इलेक्ट्रॉनांविषयीचं ज्ञान माणूस झोपल्यावरच अंगात मुरतं, असा अनुदान देणाऱ्यांचा समज असावा.

मला ते प्रमाणपत्र हवंच होतं. मी एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते आणि नऊ वर्षं पीएच.डी. करते आहे. आता फक्त जाणकारांसमोर एक भाषण बाकी होतं. माझे मार्गदर्शक वर्तक सर यांनी 'काम पूर्ण झाले आहे' असं पत्र सही करून, पाकिटात घालून आधीच देऊन ठेवलं होतं. "भाषण झालं की तारीख टाक आणि सबमिट कर," असं ते म्हणाले होते. ते पाकीट मी पर्समध्ये औषधांच्या कप्प्यात ठेवलं.

जे या प्रदेशात गेलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देते. क्वांटम डॉट म्हणजे दोन तारांच्या मधलं एक चिमुकलं बेट. डाव्या तारेतून इलेक्ट्रॉन त्यावर येतो, उजव्या तारेतून निघून जातो. बेट म्हणजे अगदी आमच्यासारखं वन-रूम-किचन. एक पाहुणा आला की ठीक. तो असताना दुसरा आला की दोघांचं पटत नाही, एकमेकांना ढकलतात. हे ढकलणं नसतं तर सगळं गणित एका दुपारी सुटलं असतं आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. ते असल्यामुळे अचूक उत्तर सहसा निघत नाही, म्हणून निरनिराळ्या पद्धती निघतात, आणि पद्धती निघाल्या की चर्चासत्रं निघतात.

दिवस पहिला : आरे

मुक्काम होता आरेच्या आतल्या रस्त्यावरच्या एका जुन्या प्रशिक्षण केंद्रात. पुढे झाडी, मागे म्हशींचे तबेले. वाऱ्याची दिशा बदलली की व्याख्यानाचा विषय बदलल्यासारखा वाटे. दारातच प्रत्येकाला तागाची पिशवी मिळाली. तिच्यावर 'परस्परक्रिया करणाऱ्या क्वांटम डॉटमधून होणाऱ्या इलेक्ट्रॉन-वहनाच्या सैद्धांतिक पद्धती' असं छापलेलं होतं. नाव एका बाजूला मावत नसल्याने ते पिशवीला वळसा घालून मागे गेलं होतं. समोरच्याची पिशवी वाचायची तर त्याच्याभोवती फिरावं लागायचं, आणि पहिल्या चहापर्यंत आम्ही सगळे तसेच फिरत होतो.

या प्रदेशात मुख्य जमाती तीन. पहिले आकृतीवाले. हे वर्तुळं, बाण आणि नागमोडी रेघा काढतात. बेट आणि तारा यांचं नातं ते पूर्ण मानतात, पण पाहुण्यांचं भांडण फार नसावं असं धरून चालतात. दुसरे दरवाले. हे भांडण पूर्ण मानतात, पण तारा बेटाला जेमतेम चिकटल्या आहेत असं धरतात, आणि मग इलेक्ट्रॉन कोणत्या दराने आला-गेला ते मोजतात. तिसरे अचूकवाले. हे काहीच धरून चालत नाहीत, सगळं संगणकावर सोडतात. त्यांचं उत्तर बिनचूक असतं आणि नेहमी पुढच्या आठवड्यात यायचं असतं. दोन टोकांना आकृतीवाले आणि दरवाले आपापल्या जागी बरोबर असतात. मधल्या भागात दोघांचंही चुकतं, आणि प्रयोगशाळेतले खरेखुरे डॉट नेमके मधल्याच भागात बसतात.

जेवताना जमाती वेगळ्या टेबलांवर. आकृतीवाले खिडकीपाशी, दरवाले हात धुण्याच्या बेसिनपाशी. मी वर्तक सरांची विद्यार्थिनी म्हणून जन्माने खिडकीची. जेवणात पनीर होतं, पनीरचं आणखी काही होतं आणि एका भांड्यात पनीर नसलेलं काहीतरी होतं, ते सगळ्यात आधी संपलं. म्हशी हाकेच्या अंतरावर असून ताक पाकिटातलं. मुलुंडला असं झालं असतं तर कॅटररला परत बोलावलं नसतं.

संध्याकाळी पाय मोकळे करायला सगळे बाहेर पडलो. फाटकावर वॉचमन राणे काका वहीत मोजून घेत होते. आरेत अंधार पडला की बिबट्या फिरतो, म्हणून बाहेर गेलेला प्रत्येक जण सहाच्या आत परत आला पाहिजे, हा त्यांचा कायदा. चौतीस जण बाहेर गेलो. दुधाच्या टपरीवर मसाला दूध प्यायलो, तबेल्यातल्या म्हशींनी आमच्याकडे आणि आम्ही त्यांच्याकडे पाहिलं, आणि सहाला परतलो. राणे काकांनी मोजलं. तेहतीस. पुन्हा मोजलं. तेहतीस.

"एक माणूस कमी आसा," ते म्हणाले आणि फाटकात खुर्ची टाकून बसले. म्हणजे कुणीही आत नाही.

वर्तक सर थकले होते. "अहो, चौतिसात एखादा इकडेतिकडे चालतो," ते म्हणाले.

"तुमका चालता," राणे काका म्हणाले. "बिबट्याकय चालता."

पुढची पंचवीस मिनिटं देशातले नामवंत सिद्धांतकार फाटकाबाहेर डास मारत उभे होते. शेवटी अचूकवाल्यांचे कुलकर्णी सापडले. तबेल्यामागे एकाच जागी मोबाइलला रेंज मिळते, हे त्यांनी शोधून काढलं होतं. तिथे उभे राहून ते कुठल्याशा लांबच्या संगणकावर चाललेलं आपलं गणित बघत होते. काकांनी वहीत चौतीसचा आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि मगच फाटक उघडलं. आम्ही आत जाताना त्यांच्या हट्टीपणावर हसलो. मीही हसले.

दिवस दुसरा : विलेपार्ले

दुसऱ्या दिवशी सहल होती. सिद्धांतकारांना खरा डॉट दाखवायला पार्ल्याच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत न्यायचं ठरलं होतं. आमच्यातल्या कित्येकांनी या विषयावर वीस-वीस वर्षं घालवली, पण डॉट पाहिला नव्हता. पार्ल्यात उतरलं की भेटणारा प्रत्येक माणूस, पूर्वी इथे बिस्किटांचा वास यायचा, हे सांगतो. आम्हाला ते चौघांनी सांगितलं. स्टेशनबाहेर बटाटेवडा खाल्ला. वडा झकास होता. मी "दोन वडापाव" म्हटल्यावर दुकानदाराने "वडापाव नाही, बटाटेवडा. पाव वेगळा सांगा," असं सौम्यपणे सांगितलं. मुलुंडला दुकानदार गिऱ्हाइकाला वडा देतो, पार्ल्यात वड्याबरोबर शिकवण देतो.

प्रयोगशाळेत आमचं स्वागत स्नेहल लोखंडे या मुलीने केलं. तिशीच्या आतली, घाटकोपरची. घरचे मूळचे जालन्याकडचे, घराण्यात डॉक्टरेटच्या वाटेला गेलेली ही पहिलीच. खोलीच्या मध्यावर माणसाएवढं धातूचं पिंप होतं. ते आतला नमुना इतका थंड करतं की इलेक्ट्रॉन एकेकटे मोजता यावेत. नमुना म्हणजे नखाएवढी चकती. तिच्यावर केसाहून बारीक तारा स्नेहल स्वतः भिंगाखाली बसून चिकटवते. एक तार शिंकेनेसुद्धा तुटते. आमचे सगळे थोर लोक पिंपाभोवती श्वास धरून उभे राहिले. आपल्या देवाची मूर्ती इतकी लहान असेल असं त्यांना वाटलं नसावं.

"मॅडम, तुम्ही मृदुला करंदीकर ना?" स्नेहलने मला बाजूला घेतलं. "तुमचा पेपर माझ्या टेबलावर चिकटवलाय."

मी फुलले. नऊ वर्षांत माझा पेपर कुणी वाचल्याचा हा पहिला पुरावा होता. त्या पेपरात माझा उंचवटा आहे. व्होल्टेज वाढवत नेलं की प्रवाह पायरीसारखा चढतो आणि मग सपाट होतो. माझ्या गणितात त्या सपाटीवर एक छोटा गोल उंचवटा येतो. माझा अख्खा प्रबंध त्या उंचवट्यावर बसलेला आहे.

"मी दोन वर्षं तोच शोधतेय," स्नेहल म्हणाली. "तीन नमुने बदलले. येतच नाही. सगळं सपाट."

"तापमान?" मी मोठेपणाने विचारलं.

"ते सगळं बघितलं. एक विचारू का मॅडम? रागावणार नाही ना? माझ्याकडे मीटर एकच आहे. तो मी डाव्या तारेत लावू की उजव्या?"

"कुठेही लाव. स्थिर झाल्यावर जेवढं डावीकडून आत जातं तेवढंच उजवीकडून बाहेर येतं. इलेक्ट्रॉन मध्येच जाणार कुठे?"

"हो ना. मग तुम्ही पेपरात दोन्हींची सरासरी का घेतलीय?"

तिच्या विचारण्यात कसलाही डाव नव्हता. तिला खरंच मीटर कुठे लावायचा ते हवं होतं. मी "सांगते नंतर" असं काहीतरी म्हटलं आणि पिंपाकडे फार लक्ष देऊन बघायला लागले.

उत्तर मला माहीत होतं, आणि हीच या प्रवासवर्णनातली लाजिरवाणी गोष्ट. दुसऱ्या वर्षीच माझ्या लक्षात आलं होतं की माझ्या पद्धतीने काढलेला डावा आणि उजवा प्रवाह तंतोतंत जुळत नाहीत. भांडण अंदाजाने धरलं की बेटावर येणारे आणि जाणारे इलेक्ट्रॉन गणितात थोडे कमीजास्त होतात. मी घाबरून वर्तक सरांकडे गेले होते. "अगं, दोन्हींची बेरीज करून अर्धं कर," ते म्हणाले होते. "सगळे तसंच करतात. मीही तसंच केलं." मी तसंच केलं, आणि तळटीपेत लिहिलं, 'प्रवाह सममित केला आहे.' वाचायला किती सोवळं वाटतं ते. त्यानंतर इतक्या वर्षांत मी त्या दोन रेषा पुन्हा वेगवेगळ्या काढून पाहिल्या नाहीत.

आरेला परतल्यावर चहाच्या वेळी मी व्हरांड्यात लॅपटॉप उघडला आणि त्या काढल्या. सुरुवातीला दोन्ही जवळजवळ होत्या. सपाटी आली तसं त्यांचं बिनसलं. डावी रेष वर गेली, चांगली टेकडीएवढी. उजवी होती तशीच सपाट राहिली. माझा उंचवटा म्हणजे त्या टेकडीचा अर्धा भाग होता. आत गेलेले इलेक्ट्रॉन बाहेर येत नव्हते, माझ्या बेटावर नाहीसे होत होते, आणि मी दोन्हींचं अर्धं करून त्यांना झाकलं होतं. फाटकापाशी राणे काका वही घेऊन बसलेले दिसत होते. त्यांनी माझी पद्धत वापरली असती तर काल साडेतेहतीस माणसं आत आली असती आणि अर्धे कुलकर्णी बाहेर राहिले असते. काल हसले होते, ते आता आठवलं आणि मी चहाचा कप बाजूला ठेवला.

वर्तक सर बिस्किट बुडवत होते. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले, बिस्किट विरघळून कपात पडलं.

"व्होल्टेज कमी ठेव ना," ते म्हणाले. "उद्या फक्त सुरुवातीचा भाग दाखव."

"मग उंचवटा दिसणार नाही, सर."

"मग सरासरी दाखव. अगं मृदुला, उद्या भाषण, परवा सबमिशन. नऊ वर्षं झाली. तुझी वाट लागेल."

"त्या मुलीने दोन वर्षं घालवलीत."

"प्रयोगवाल्यांचं असंच असतं," सर म्हणाले, पण माझ्याकडे बघून नाही. त्यांच्या सात पेपरांत तीच तळटीप आहे. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. त्याहून जास्त स्वतःचा राग आला, कारण त्यांनी एकदा सांगितलं होतं आणि मी इतकी वर्षं ऐकत राहिले होते.

दिवस तिसरा : आरे

माझं भाषण सकाळी पहिलं. स्नेहलही ऐकायला आली होती, मागच्या रांगेत. वर्तक सर अध्यक्ष. पडद्यावर मी आधी माझा प्रसिद्ध उंचवटा दाखवला. खिडकीच्या टेबलावरची मंडळी माना डोलावू लागली. मग मी पुढचं चित्र लावलं. लाल डावा प्रवाह, निळा उजवा.

"हा उंचवटा खरा नाही," मी म्हटलं. "माझ्या गणितात डावीकडून जेवढे जातात तेवढे उजवीकडून येत नाहीत. मी सरासरी काढून ते लपवलं. पेपर मागे घ्यायचं पत्र आज पाठवतेय."

मागून म्हशीचं हंबरणं ऐकू आलं. मग बेसिनपाशी जेवणारे दरवाले एकदम खूष झाले. "आमच्याकडे असं होत नाही. जेवढे जातात तेवढे येतात," त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या. त्यावर खिडकीवाल्यांनी, तुमचे इलेक्ट्रॉन मोजायला बरोबर येतात पण पायरीचा आकारच चुकतो, त्याचं काय, असं विचारलं. दहा मिनिटांत माझ्या नऊ वर्षांना सगळे विसरले आणि आपापली जुनी भांडणं घेऊन बसले. कुलकर्णी उभे राहिले आणि म्हणाले की याच आकड्यांचं अचूक उत्तर त्यांच्याकडे चालू आहे, पुढच्या आठवड्यात येईल. शेवटी या प्रश्नावर आणखी एक निवासी चर्चासत्र घ्यावं, असं एकमताने ठरलं. तीन जमातींचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात सर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "मला आधी विचारायला हवं होतंस," ते म्हणाले.

"विचारलं होतं, सर. दुसऱ्या वर्षी."

मी पर्समधून पाकीट काढून त्यांना परत दिलं. तारीख न टाकलेलं. सरांनी ते खिशात ठेवलं, वरून हाताने चाचपलं.

"दोन्ही तारांचा हिशेब जुळवणारी दुसरी पद्धत आहे," ते म्हणाले. "दर फेरीला उत्तर परत गणितात घालायचं, दोन्ही प्रवाह जुळेपर्यंत थांबायचं नाही. दीड वर्ष लागेल. जमेल तुला?"

"तुमची निवृत्ती कधी आहे?"

"त्याआधी कर," सर म्हणाले, आणि मग हळूच, "माझेही सात आहेत. कुठून सुरू करू ते सांग." माझ्या नऊ वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेला तो पहिला सल्ला असावा.

फाटकावर राणे काकांनी सगळ्यांना बाहेर सोडताना शेवटचं मोजलं. चौतीस. स्नेहल धरून पस्तीस, पण तिला त्यांनी सकाळी वेगळ्या ओळीत लिहिलं होतं.

घाटकोपर

परतीला अंधेरीहून घाटकोपरपर्यंत मेट्रोने स्नेहल आणि मी बरोबर होतो. मी थेपल्यांचा डबा उघडला, तेव्हा तिने एक घेतला आणि डबा बंद करून मला परत दिला. असल्फा गेल्यावर तिने पिशवीतून वही काढली. लांबट, कडक पुठ्ठ्याची, प्रयोगाची नोंदवही.

"बघा," ती म्हणाली.

प्रत्येक पानावर एक आलेख चिकटवलेला होता. पायरी, आणि मग सपाट रेष. अतिशय स्वच्छ. इतकी स्वच्छ मोजमापं मी क्वचित पाहिली आहेत. प्रत्येकाच्या खाली तारीख आणि बारीक अक्षरात एकच वाक्य : उंचवटा नाही. चूक माझी. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्याही. दोन वर्षं.

"मला वाटायचं माझा हातच वाईट आहे," ती म्हणाली. "आई म्हणायची, सोड, शाळेत शिकव. मी तिला सांगायचे, मॅडमना आलाय म्हणजे येतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही. माझा प्रबंध गेला होता त्याचं मला दिवसभर इतकं वाईट वाटलं नव्हतं.

घाटकोपर आलं. शेवटचं स्टेशन, सगळे उतरले. आम्ही प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसलो. स्नेहलने पेन काढलं आणि पहिल्या पानावरच्या 'चूक माझी' या शब्दांवर काट मारली. मग दुसऱ्या. मग थांबली आणि वहीकडे बघत म्हणाली, "खूप पानं आहेत. अर्धी तुम्ही मारा, अर्धी मी."

"नको," मी म्हटलं. "अर्धं-अर्धं नको. पेन दे इकडे."